उतरंडीतलं मधलं मडकं

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, वाघ दिसला का? नाही दिसला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलेल्या माणसाला वाघाखेरीज दुसरं काही दिसू शकतं, यावर पुण्यात कोणाचा विश्वास नाही. मी तिकडे गेले होते एक गाव शोधायला. ते नकाशात नव्हतं, आणि सापडलं तेव्हा एका जागी थांबायला तयार नव्हतं.

नीट सांगते. मी कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्या शास्त्रात शहरांच्या आकाराविषयी एक मांडणी आहे. देशातली सगळी शहरं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं उभी केली, तर दुसरं पहिल्याच्या साधारण निम्मं भरतं, तिसरं एक तृतीयांश, चौथं एक चतुर्थांश, असं ते खाली उतरत जातं. मोठी थोडी, मधली बरीच, लहान पुष्कळ. वर्गात मी मुलांना स्वयंपाकघरातली उतरंड सांगते. तळाशी मोठा डेरा, त्यावर जरा लहान मडकं, त्यावर आणखी लहान, आणि अगदी वर मिठाचं बोळकं. प्रत्यक्षात कुठलीच उतरंड अशी रेखीव नसते, आणि आपल्याकडे मुंबईचा डेरा तर वेडावाकडा फुगलेला. पण चंद्रपूरच्या बाजूला वेगळाच प्रकार होता. आमच्या विभागप्रमुखांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून तो दाखवला. इकडे चंद्रपूर, त्याला लागूनच बल्लारपूर, आणि तिथून पूर्वेला थेट इंद्रावतीपर्यंत नुसती बोळकीच बोळकी. "मधलं मडकंच नाही. मग ही बोळकी उभी कशावर आहेत?" एवढं विचारून ते चहा प्यायला निघून गेले.

असा अर्धवट प्रश्न कोणी टाकून गेलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एरवीही तो फारसा नसतोच. करमाळ्याहून सोलापूर, सोलापूरहून पुणे, आणि पुण्यातही बिऱ्हाडं बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली आहेत. फेब्रुवारी संपता संपता मी रजा टाकली आणि निघाले. पुढे येणाऱ्या दोन गावांची नावं मी बदलली आहेत. का, ते वाचता वाचता कळेल.

चंद्रपूर, बल्लारपूर

चंद्रपुरात फेब्रुवारीलाच उन्हाळा होता. जटपुरा गेटाजवळच्या लॉजमध्ये उतरले. मालक पोटानं मोठे आणि स्वभावानं त्याहून मोठे. सकाळी तर्रीचे पोहे पुढे ठेवून त्यांनी मला हे शहर कसं वसलं ते सांगितलं. गोंड राजाची राजधानी आधी बल्लारपूरला होती. राजा शिकारीला इकडे आला, तर त्याला एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. राणी म्हणाली, या मातीत दम आहे, इथेच नगर वसवा.

"म्हणजे शहर कुठे व्हायचं ते सशानं ठरवलं," मी म्हणाले.

"मंग काय तं. तुमच्या पुन्यात कोनं ठरवलं?"

तर्रीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसत राहिले.

बल्लारपूरला गेले तेव्हा पेपर मिलचा वास आधी भेटला आणि गाव नंतर. पाळी सुटली होती. सायकली, लुना, डबा लटकवलेली माणसं, आणि चंद्रपूरकडे जाणारी गाडी पकडायची घाई. बांबूच्या ट्रकांची रांग लागली होती. हा बांबू गडचिरोलीच्या जंगलातून येतो, इथे त्याचा कागद होतो आणि तो पुण्यामुंबईला जातो. जिथून बांबू निघतो तिथल्या पोराला वही हवी असेल तर ती पुन्हा शंभर ठिकाणी फिरून त्याच्यापाशी पोहोचायची. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हा सगळा ओघ पाहत होते आणि मला तिथून कधी निघते असं झालं होतं.

एस. टी.त

पुढचा प्रवास लाल गाडीचा. साग झडून नुसते खांब उभे होते, मधूनच पळस पेटलेला, आणि गाडीत तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास. मी माझ्या सवयीप्रमाणे शेजारच्या बायांना प्रश्न विचारत होते. मीठमिरची कुठून आणता? लुगडं कुठून? लग्नाचा बस्ता कुठे बांधता? बाळंतीण अडली तर कुठे नेता? कोण कशासाठी किती लांब जातं हे कळलं, की कुठलं गाव कोणाचं मडकं आहे ते कळतं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता ऐकत होता. शेवटी तो सीटच्या दांड्याला टेकून उभा राहिला.

"म्याडम, इकडं नवा तालुका होऊन राह्यला म्हनतात. तेच पाहाले आल्या का?"

"मला काय माहीत तुमच्या तालुक्याचं," मी म्हणाले. मी कंटाळले की तुटक बोलते. सरकारी माणसंही तुटकच बोलतात, त्यामुळे त्याची पक्की खात्री पटली. त्याच्या मार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर माझ्याआधी माझी कीर्ती पोहोचणार होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

गडचिरोलीत एक रात्र राहिले. गावाला हुकमानं उचलून मोठ्या मडक्यांच्या रांगेत बसवलेलं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा, आणि त्या पाट्यांच्या सावलीत शेळ्या बसलेल्या. खानावळीत जेवायला आलेले साहेबलोक एकटेच होते, बायकामुलं नागपूरला. "इथी काय हाये?" असं प्रत्येक जण मला विचारत होता आणि भात कालवत होता. पोळी कोणाच्याच ताटात नव्हती. दोन्ही वेळा भात, आणि त्यावर लाखोरीची डाळ. मला ती इतकी आवडली की मी तिसऱ्यांदा मागितली.

वडपेठ, चुकीच्या दिवशी

जनगणनेच्या आकड्यांवरून मी वडपेठ निवडलं होतं. आलापल्लीच्या अलीकडे, आसपासच्या गावांत लोकसंख्येनं सगळ्यात मोठं. मधलं मडकं असेल तर इथेच, असा माझा हिशेब. गाडीनं मला भर दुपारी वडाखाली उतरवलं आणि धूळ उडवत निघून गेली.

समोर मोठं मैदान होतं, आणि त्यात कोणी नव्हतं. कांद्याची सालपटं, तुटकी बांगडी, दोन कुत्री. काल बाजार होता. आदल्या दिवशी आले असते तर इथे शहर दिसलं असतं. आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो हे कोणाला तरी विचारावं, हे भूगोलाच्या प्राध्यापिकेला सुचलं नव्हतं.

मैदानात ओळीनं दगड मांडलेले होते. उन्हानं जीव नकोसा झाला होता म्हणून त्यातला एक बरा सपाट दगड लोटत वडाच्या सावलीत नेला आणि त्यावर बसले. पाण्याची बाटली उघडते न उघडते तोच एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले.

"बाई, तो दगड काऊन हालवला?"

"बसायला."

"ते पंचफुलाबाईची जागा होये."

"कोण पंचफुलाबाई?"

"शिवनकाम करते. काल होती इथी. आता पुढच्या बाजाराले येईन."

"मग आज तर नाही ना ती?"

"आज नाई," ते शांतपणे म्हणाले, "पन जागा तं तिचीच हाये न."

मला तो दगड परत न्यायला लावला. मी ठेवला तर म्हणाले, जरा इकडं. पुन्हा सरकवला. मग त्यांनी मला घरी नेऊन पाणी दिलं, आणि या दगडांची रीत सांगितली. बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाची जागा ठरलेली. ती दाखवायला एक दगड, बस. माणूस आला नाही तरी तिथे दुसरा कोणी पसरा मांडत नाही, बाजारात पाय ठेवायला जागा नसली तरी. कोणाला धंदा सोडायचा असेल तर त्यानं स्वतः येऊन, सुपारी देऊन, दगड दुसऱ्याच्या हवाली करायचा. न सांगता गेला, तर पोळ्यापर्यंत वाट पाहतात.

आमच्याकडे एस. टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात आणि त्या रुमालावरून करमाळ्यापासून पुण्यापर्यंत भांडतात. मी हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यांना ते खरं वाटलं नाही.

चिंचफाटा, बरोबर दिवशी

दुसऱ्या दिवशीचा बाजार चिंचफाट्याला होता. हे गाव म्हणजे दोन रस्ते एकमेकांना कापतात तिथे उगवलेल्या टपऱ्या आणि त्यांच्यामागे थोडी घरं. जनगणनेत याचा आकडा इतका लहान होता की मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. आणि तिथे मला मुंगीला शिरायला जागा मिळेना.

मीठ, सुके झिंगे, बैलांच्या घंटा, बॅटरीचे सेल, मोहफुलांच्या टोपल्या. पडद्यावर ताजमहाल रंगवलेला फोटोवाला. पकड घेऊन बसलेला दात काढणारा. रेडिओ दुरुस्त करणारा, कापडवाले, न्हावी, पत्रिका पाहणारे एक महाराज. झाडामागे दोन घरचे बाप मुलीच्या लग्नाचं बोलत बसले होते. गोंडी, तेलुगू, हिंदी आणि झाडीबोली एकाच वेळी कानावर पडत होती. तालुक्याच्या गावात जे जे मिळतं ते सगळं इथे होतं, आणि संध्याकाळी ते गुंडाळून एका मेटॅडोरमध्ये आणि बैलगाड्यांत भरलं जाणार होतं. उद्या दुसऱ्या गावी, परवा तिसऱ्या.

मी चिंचेखाली उभी राहून हसायलाच लागले. विभागप्रमुखांचं मधलं मडकं हरवलेलं नव्हतंच. ते फिरतीवर होतं. आम्ही माणसं राहतात कुठे एवढंच मोजत बसलो होतो.

"तुमीच का त्या, माहा दगड हालवनाऱ्या?"

मागे वळून पाहिलं तर माझ्याच वयाची एक बाई पोत्यावर बसून हातानं फिरवायच्या मशीनवर झंपर शिवत होती. सुई चालू ठेवूनच ती माझ्याकडे पाहत होती. एका दिवसात बातमी इथवर आली होती. मी ओशाळले, तर म्हणाली, "बसा. हे पोतं हालवाल तं चालन." शेजारी बांगड्यांचा पसरा होता. त्याचे मालक पोचन्ना, सिरोंच्याकडचे, मिशा पांढऱ्या झालेले. ते तोंडात हसू दाबत होते.

माझ्या शबनमचा बंद तुटायला आला होता. पंचफुलाबाईनं तो मागून घेतला आणि बोलता बोलता शिवून टाकला. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला होता, तो गेला. तेव्हापासून ती मशीन घेऊन बाजार करत होती. मुलगी सुजाता आठवीत, बल्लारपूरला मावशीकडे. मावशीचा नवरा पेपर मिलमध्ये. "रोज नव्या गावी राहनाऱ्या मायनं पोरीले कुठी ठेवाव?" ती म्हणाली. वर्षातून दोनदा भेट. गेल्या दिवाळीला सुजातानं तिला 'तुमी' म्हटलं होतं. हे सांगताना तिनं मशीन थांबवलं, दोरा ओवला आणि पुन्हा सुरू केलं.

मी तिला सहावारीवरचा एक झंपर शिवायला दिला. पुढच्या आठवड्याला वडपेठच्या बाजारात देते म्हणाली.

त्या संध्याकाळी चिंचफाट्याच्या सरपंचांनी जेवायला बोलावलं. कोंबडीचा रस्सा असा जाळ होता की कानातून धूर निघावा. जेवताना कळलं की मी तालुका ठरवायला आलेली मॅडम आहे. सरपंच सांगत होते की रस्ते इथे मिळतात, गाळे इथे बांधून होत आले आहेत, आणि वडपेठच्या लोकांनी जनगणनेत पाहुणेही मोजून घेतले. मी तीनतीनदा म्हणाले की मी शिक्षिका आहे, ठरवणारी कोणी नाही. शेवटी आवाज चढला.

"बरोबर हाये," सरपंच समजूतदारपणे म्हणाले, "तुमाले तसंच म्हनाले लागते."

सकाळी उठून पाहते तर वडपेठची चार माणसं मेटॅडोरपाशी माझी वाट पाहत उभी. त्यांच्याकडेही पंचायतीचे गाळे होते, शिवाय दहावीपर्यंत शाळा, आणि चिंचफाट्यात म्हणे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं. मी सरळ गाडीत चढले.

मेटॅडोरच्या मागे

पुढच्या गावापर्यंत मी त्या फिरत्या शहरातून गेले. कांद्याच्या पोत्यावर मी, समोर पंचफुलाबाई मशीन मांडीत धरून, कडेला पोचन्ना. तिनं विचारायचं ठरवलेलं होतं हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"म्याडम, मले खरं सांगा. कोनतं गाव मोठं होईन?"

"का?"

"दोन्हीकडं गाळे देऊन राह्यले. नाव सांगाले लागते. एका जागी बसली तं पोरीले आनता येते. पन चुकीच्या गावी बसली तं? उद्या तालुका दुसरीकडं गेला, बाजार तिकडं गेला, मंग मी तेथी कोनाचं शिवू? तोवर माह्या बाकीच्या जागा बी जाईन."

तिला सरकारी गुपित नको होतं. मी शिक्षिका आहे हे तिनं मान्य केलं होतं. ती त्याच विषयातलं विचारत होती, आणि मला ते येत नव्हतं. मी तिला उतरंड समजावून सांगितली. मोठी किती असतील, मधली किती, लहान किती, हे आमचं शास्त्र सांगतं. पण कुठलं गाव कुठल्या जागी बसेल हे ते सांगत नाही. रस्त्यामुळे होतं, पाण्यामुळे होतं, कोणा साहेबाच्या सहीमुळे होतं. सशामुळेसुद्धा होतं.

"म्हंजे नाई सांगता येत."

"नाही."

गाडी ओढ्यात उतरली आणि वर चढली.

"मुंबई तं मोठी होत जाईन न? ते माईत हाये?"

"ते माहीत आहे."

"अन चंद्रपूर? बल्लारपूर?"

"तीही होतील. जे मोठं आहे ते बहुतेक आणखी मोठं होत जातं."

"हं," ती म्हणाली, आणि मशीनवरचं फडकं नीट केलं. पोचन्नांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेर थुंकले. मला बेचैन वाटायला लागलं. माझ्या तोंडून खोटं काहीच गेलं नव्हतं, तरी पुढच्या गावी मी उतरले ती घाईघाईनं.

हेमलकसा

भामरागडच्या गाडीत जागा मिळाली, तशी मी तिकडे गेले. रस्ता म्हणावा असा नव्हता. हेमलकशाला झाडांखाली चुली पेटलेल्या होत्या. तिथल्या दवाखान्यात आणलेल्या माणसाबरोबर त्याचं अख्खं घर आलेलं, भात शिजतोय, कोंबडी पायाला दोरी बांधून ठेवलीय. माडिया बाया माझ्याकडे पाहून हसायच्या आणि मी त्यांच्याकडे पाहून हसायचे, कारण आम्हाला एकमेकींचं दुसरं काही येत नव्हतं. एका बाईनं पानावर मुंग्यांची चटणी दिली. आंबट, तिखट, आणि जिभेवर काहीतरी फुटल्यासारखी. पुण्यात सांगितलं तर बायका तोंड वाकडं करतात, पण त्यांनी ती खाल्लेली नाही.

नकाशावर हे गाव टिंबाएवढं. पण इथवर लोक ज्या जंगलातून चालत येत होते तिथल्या कोणी चंद्रपूरचं नावही घेत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं मोठं गाव हेच. आमच्या मांडणीत हे कुठे बसवायचं, असा विचार करत मी नदीकाठी फिरत राहिले. पण खरं सांगायचं तर डोक्यात मांडणी नव्हती, पंचफुलाबाईचं ते 'हं' होतं. वडपेठचा बाजार येईपर्यंत मला धीर निघाला नाही.

वडपेठ, बरोबर दिवशी

आता वडाखाली खच्चून शहर भरलं होतं. मी वाट काढत माझ्या ओळखीच्या दगडापाशी गेले. दगड होता. त्याच्यामागे एका मशीनपुरती आणि एका बाईपुरती जमीन मोकळी होती. दोन्ही बाजूंनी बाजार दाटला होता, एक मिरचीवाली अर्धं पोतं मांडीवर घेऊन बसली होती, पण तेवढ्या तुकड्यात कोणी पाय टाकत नव्हतं. झाडून घेतलेली जमीन, तिच्यावर पानसुद्धा नाही.

मी पुढे झाले तशी पोचन्ना म्हणाले, "तेथी उभ्या नका राहू बाई. तिची जागा हाये."

ती बल्लारपूरला गेली होती, मशीन घेऊन. मी उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मोठं आहे ते मोठं होतं, हे मॅडमनं सांगितलंच आहे, मग मधल्या गावांची वाट कशाला पाहायची, असं म्हणाली होती. सुपारी मात्र कोणाला दिली नव्हती.

मधली गावं मोठी का होत नाहीत याचं कारण मला पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि आता ते समोर रिकामं पडलं होतं. ज्यांच्यामुळे गाव वाढायचं त्यांना थांबायला वेळ नसतो. आणि त्यांना घाई करायला सांगणारी मी कोण, किंवा थांबायला सांगणारी तरी मी कोण?

"तिले सांगजा," पोचन्ना म्हणाले, "जागा ठेवून हाये आमी. गाळ्याचं बी सांगतलं इथल्या सरपंचाले, बाई येऊन राह्यली, पुढच्या बाजारापरेन थांबा म्हनून. मंग तिची मर्जी."

निघण्याआधी मी एक काम केलं. गावातली शाळा पाहून आले. दहावीचा वर्ग होता, आणि त्यात पुढच्या बाकावर मुली बसल्या होत्या.

बल्लारपूर, परत

पेपर मिलच्या मागे, बुद्धविहाराजवळ, असा पत्ता पोचन्नांनी दिला होता. एक खोली, तिच्यात मावशीचं सगळं घर, आणि दारात पत्र्याच्या सावलीला पंचफुलाबाईचं मशीन. ते चालू नव्हतं. मला पाहून तिला आनंद झाला, आणि तिनं पहिल्यांदा माझा झंपर काढून दिला. भुसावळपर्यंतची गाडी संध्याकाळी होती. चहा आला, साखर इतकी की चमचा उभा राहावा.

"चाललंय ना बरं?" मी विचारलं.

"चालते न. इथी दर कोपऱ्याले दर्जी हाये. फॅशनीचं शिवतात." ती हसली. "मले कोनी ओळखत नाई, तं देईन कोन? पन पोरगी हाये जवळ."

सुजाता उंबऱ्यात वेणी घालत बसली होती. शांत, आईसारख्याच भुवया. तिनं आईला 'तू' म्हटलं, ते मी ऐकलं.

माझ्याजवळ निरोप होता आणि तो सांगायची मला भीती वाटत होती. सांगितला तर तिला जंगलात परत ढकलल्यासारखं होईल, नाही सांगितला तर चोरी होईल. शेवटी मी जसं पाहिलं तसं सांगितलं. भरलेला बाजार, मिरचीवालीच्या मांडीवरचं पोतं, झाडून ठेवलेली जमीन. पोचन्नांचे शब्द त्यांच्याच शब्दांत.

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"कोनीच नाई बसलं?"

"कोणीच नाही."

"मिरचीवाली बी नाई? ते तं लय दिवसाची डोळा ठेवून हाये."

"तिनंच जमीन झाडली होती."

पंचफुलाबाईनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. मग एकदम कामाचं विचारल्यासारखं विचारलं, "म्याडम, तेथी शाळा दहावीपरेन हाये न? खरंच हाये का नुसती म्हनाची?"

या एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. "आहे. मी आत जाऊन पाहिली. मुली आहेत."

ती सुजाताकडे वळली. "परीक्षा झाली का येतं का माह्यासंगं?"

सुजातानं रिबीन दातात धरली होती. ती काढून म्हणाली, "येईन. तेथी तुले सारे नावानं हाक मारतात म्हनत होती न तू. मले पाहाचं हाये." मग आत पाहून, मावशीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "अन मी झोपीन कुठी? इथी तं मी दाराशी झोपतो."

"गाळ्यात. मशीनच्या बाजूनं."

झालं. कुठलं गाव मोठं होईल हे कोणी पुन्हा विचारलं नाही. वडपेठ तालुका होवो की न होवो, सोमवारच्या गाडीनं ती जाऊन नाव सांगणार होती आणि पोरीची परीक्षा संपली की तिला न्यायला येणार होती. मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरा चहा मागितला.

ती मला स्टेशनपर्यंत पोहोचवायला आली. फलाटावर कोळशाची धूळ, पाळीवरून सुटलेली माणसं, लोटालोटी. गाडी येताना दिसली तसं तिनं विचारलं, "तुमचं गाव पुनंच का?"

"नाही. करमाळा. तालुक्याचं गाव आहे."

"मोठं हाये?"

"मधलं."

"मंग तेथी काऊन नाई राह्यल्या?"

गाडी थांबली होती आणि लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला लागले होते. मीही माझा रुमाल काढून हातात धरला होता, हे मला तेव्हाच दिसलं. शिक्षण, नोकरी, काय काय सांगता आलं असतं.

"जाजा कधी परत," ती म्हणाली. "तुमची जागा ठेवली असन न त्याइनं?"

"आमच्याकडे दगड ठेवायची रीत नाही," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.